दूध सोडल्यावर उरलेलं ताट



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते गृहस्थ व्यायामाचे नादी होते आणि पानात काही टाकायचे नाहीत, एवढं मला निमंत्रणाच्या पत्रात कळवलं होतं. विषय निवडायला तेवढं पुरेसं होतं. त्याच पत्राबरोबर तुमच्यातल्या काही तरुणांचा प्रश्नही आला होता. दूध, दही, तूप, अंडं, मांस यातलं काहीच खायचं नाही, म्हणजे व्हीगन राहायचं, आणि तरीही अंगात ताकद कमवायची, हे जमतं का? घरातले वडीलधारे म्हणतात, जमत नाही. मोबाइलमधले पैलवान म्हणतात, हमखास जमतं. माझं उत्तर ‘जमतं’ असंच आहे. पण मोबाइलवाले देतात ती कारणं मला पटत नाहीत, आणि वडीलधाऱ्यांच्या ‘नाही’मध्ये तथ्याचा अंश आहे. सुरुवात त्या अंशापासून करते, आणि त्यासाठी आधी गांधीजींकडे जाते.

आभाळ मोकळं असलं की तुमच्या देवनहळ्ळीहून नंदीचा डोंगर दिसतो. १९२७ च्या एप्रिलमध्ये गांधीजींना विश्रांतीसाठी या डोंगरावर आणलं होतं. मार्चमध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना कोल्हापुरात त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब फार वाढला होता. तिथून निपाणी, मग आंबोलीचा घाटमाथा, आणि शेवटी नंदी. जूनच्या सुरुवातीला ते खाली बंगळुरात उतरले आणि इथल्या सरकारी दुग्धसंस्थेत जाऊन चक्क गोपालनाचे धडे घेऊ लागले. तिथल्या नोंदवहीत त्यांनी स्वतःचा व्यवसाय ‘साबरमतीचा शेतकरी’ असा लिहिला. आता हा विद्यार्थी कोण? पंधरा वर्षांपूर्वी दूध सोडलेला माणूस.

दूध सोडलं ते १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, सहकारी कॅलनबाख यांच्यासोबत. ब्रह्मचर्याचा विचार त्यामागे होता, आणि गाई-म्हशींचं दूध ओढून काढण्यासाठी कलकत्त्याकडे जे क्रूर प्रकार चालत त्यांची हकीकत त्यांनी वाचली होती, तेही होतं. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडात १९४४ मध्ये जन्मला. म्हणजे गांधीजी त्याच्याही ३२ वर्षं पुढे होते. फार्मवर त्यांचं खाणं काय होतं, ते त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय: कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबं, ऑलिव्हचं तेल. धान्यही नाही.

या यादीत डाळ नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. त्याच्या आधीच कस्तुरबांच्या आजारपणात गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं होतं. बा म्हणाल्या, हे तुम्हालासुद्धा जमायचं नाही. गांधीजींनी त्याच क्षणी स्वतः दोन्ही सोडलं. नवरा-बायकोतला हा हट्ट मला नेहमी गमतीदार वाटत आला आहे. पण आहारशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर त्याचा हिशेब गंभीर आहे. दूध नाही, डाळ नाही, धान्य नाही, मांस-अंड्यांचा प्रश्नच नाही. उरले दाणे.

१९१४ मध्ये लंडनला त्यांना फुफ्फुसाच्या आवरणाची सूज आली. डॉ. जीवराज मेहता दूध-धान्य घ्या म्हणून मागे लागले, त्यांनी गोखल्यांकडे तक्रार नेली, गोखल्यांनी गळ घातली. दुधाच्या बाबतीत मात्र गांधीजी हटले नाहीत. पुढे आमांशानं पार खंगल्यावर १९१९ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. दलालांनी सांगितलं, दुधावाचून तुमचं शरीर भरून येणार नाही. मार्ग काढला तो बांनीच: व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं घ्या. गांधीजींनी घेतलं, आणि आपण व्रताचा शब्द पाळून आत्मा मोडला ही टोचणी आयुष्यभर बाळगली. दुधाच्या तोडीचं वनस्पतिजन्य अन्न शोधून द्या, असं आवाहन ते डॉक्टरांना करत राहिले. १९३५ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्यांबद्दल लिहिलं. नेमकी दिशा हीच होती, पण तोवर त्यांचं वय ६६ झालं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना कळायला मार्गच नव्हता. वनस्पतींत नसलेलं आणि रक्ताला, मज्जातंतूंना अत्यावश्यक असलेलं बी-१२ हे जीवनसत्त्व स्फटिकरूपात वेगळं काढल्याची बातमी प्रसिद्ध झाली ती १९४८ च्या एप्रिलमध्ये. गांधीजी जानेवारीत गेले होते. १९१९ चा त्यांचा आजार बी-१२ च्या अभावाचाच होता असं मी म्हणत नाही. तो आमांश होता. मला इतकंच म्हणायचंय की ज्या प्रयोगात ते हरले असं ते स्वतः मानत, तो प्रयोग दोन गोष्टींवाचून चालला होता. एक, डाळ, त्यांनी स्वतःहून टाकली; दुसरी, बी-१२, जगाला ठाऊकच नव्हती. इच्छाशक्तीची कमतरता तर गांधीजींच्या बाबतीत कुणी काढू नये.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे: आपल्या शाकाहारी ताटातली डाळीची गरिबी आजवर दुधानं झाकून ठेवली. दूध काढलं की ताट उघडं पडतं.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं, गांधीजींनी दूध सोडलं त्याच वर्षी. या गावात तालमीचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात. मांस खाणारे पैलवान होते आणि आहेत. पण माळकरी घरातलं पोरही तालमीत यायचं आणि तयार व्हायचं, ते कशावर? म्हशीच्या दोन लिटर दुधात ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं असतात. जोडीला स्नायू घडवायला लागणारी लायसिन, ल्युसिन ही अमिनो आम्लं सढळ, कॅल्शियम भरपूर, बी-१२ आयतं. हातात पितळेचा पेला होता एवढंच, नाही तर तो आजच्या जिममधल्या पावडरच्या डब्याचाच अवतार. जिममधली व्हे पावडर तरी शेवटी दुधाच्या निवळीचीच. म्हणून दूध सोडलं की ताकद जाते हा वडीलधाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. दूध गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही, की ताकद जातेच.

आपल्या मध्यमवर्गीय पानात दुधाखेरीज काय असतं, ते बघा. तीन पोळ्या, भात, एक भाजी, वाटीभर आमटी. त्या वाटीत डाळ किती? २५ ग्रॅम धरली तरी प्रथिनं पाच-साडेपाच ग्रॅम. उरलेलं पाणी, चिंच, गूळ आणि सुगरणीचं कौतुक. आपण स्वतःला शाकाहारी म्हणवतो. खरं म्हणजे आपण धान्यावर जगतो आणि शाकाचा हात लावतो. उपासाच्या दिवशी तर विचारूच नका. साबुदाण्याच्या खिचडीत जे काही बळ आहे ते दाण्याच्या कुटाचं.

धान्यात प्रथिनं असतातच की, असं कुणी म्हणेल. असतात. पण त्यांत लायसिन कमी. गव्हाच्या १०० ग्रॅम प्रथिनांत लायसिन साधारण पावणेतीन ग्रॅम, डाळींच्या तेवढ्याच प्रथिनांत साडेसहा-सात. आणि माणसाला लायसिन किती लागतं हा प्रश्न ज्या शहरात नव्यानं सोडवला गेला ते तुमचंच शहर. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत प्रौढाची गरज किलोमागे १२ मिलिग्रॅम धरली होती. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अनुरा कुर्पाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समस्थानिकांच्या साहाय्यानं भारतीय माणसांवर मोजमापं केली, आणि गरज ३० च्या आसपास निघाली. २००७ च्या जागतिक शिफारशीत तोच आकडा आला. १२ चे ३०! भात-भाकरीवर भागतं हा दिलासा त्या आकड्यानं काढून घेतला. भारतीय शिफारस आज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं अशी आहे, पण ती उत्तम प्रतीच्या प्रथिनांची. ताटात धान्यच मुख्य असेल तर एक ग्रॅम धरावं लागतं. वजनं उचलणाऱ्याला आणखी हवीत. २०१८ मध्ये ४९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना वाढीव फायदा दिसेनासा झाला. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा ९६ ग्रॅमवर येते.

आता तुमच्या भागातल्या रागीकडे वळते, म्हणजे आपल्या नाचणीकडे. तिच्याबद्दल मला जिव्हाळा आहे. संतकवी कनकदासांनी ‘रामधान्यचरिते’त भात आणि रागीचं भांडण रामापुढे नेऊन रागीला जिंकवलं, मंड्याच्या शेतीशास्त्रज्ञ लक्ष्मणय्यांनी भारतीय आणि आफ्रिकी रागीचा संकर करून ‘इंडाफ’ वाण दिले आणि दुष्काळी शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवलं. १०० ग्रॅम रागीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. व्हीगन माणसाला याहून मोलाचं धान्य नाही. पण २०२३ च्या भरडधान्य वर्षापासून रागीची बिस्किटं, रागीचे लाडू, रागीचा पास्ता असं जे चाललंय, त्यात एक गोष्ट विसरली जाते. रागीत प्रथिनं १०० ग्रॅमला सात. पोळीच्या कणकेपेक्षाही कमी.

रागीमुद्दे, म्हणजे रागीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खाणाऱ्या शेतकऱ्याला हे न सांगता कळलं होतं. मुद्दे कधी एकटा येत नाही. त्याबरोबर सारु, म्हणजे पातळ आमटी, येतं: हुरळीचं, अवरेकाईचं, मोड आलेल्या मुगाचं, पालेभाजी आणि डाळ उकडून केलेलं बस्सारु. हुरळी म्हणजे आपले हुलगे, कोकणातला कुळीथ. १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं. आपल्याकडेही त्याची शेंगोळी आहेत, माडगं आहे, पिठलं आहे. फक्त शहरात आल्यावर आपण त्याला घोड्याचं खाणं ठरवून बाहेर काढलं.

अवरेकाईची गोष्ट तर मला विशेष आवडते. जानेवारीत बंगळुरात तिची जत्रा भरते, तुम्ही जातच असाल. आपला वाल, पावटा त्याच कुळातला. इथे दाणे भिजवून, चिमटीत धरून, साल सोडवून हितकबेळे करतात. रायगड-ठाण्याकडे वालाला मोड आणून, सोलून डाळिंब्या करतात आणि त्यांचं बिरडं. दोन्हीकडच्या बायकांची बोटं तासन्‌तास या कामात गेली आहेत. तो निव्वळ चवीचा सोस नव्हता. सेंट जॉन्समध्येच कडधान्यांतली प्रथिनं आतड्यात खरोखर किती शोषली जातात ते मोजलं गेलं, तेव्हा अख्ख्या मुगापेक्षा साल काढलेल्या मुगाची प्रथिनं बरीच जास्त पचलेली दिसली. ती मोजणी वालाची नव्हती, पण सालीचा अडथळा तिथेही असणार असं मला वाटतं. अंड्याची प्रथिनं मात्र ९० टक्क्यांच्या जवळपास पचतात. कडधान्यं तिथवर पोहोचत नाहीत. ती तूट भरायची तर डाळ आणखी घ्यायची, हाच मार्ग.

किती घ्यायची? रागीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, तांदूळ मूठभर, दोन वेळची मिळून तूर-मूग डाळ ६० ग्रॅम, हुलगे किंवा पावटा ५० ग्रॅम, शेंगदाणे ४० ग्रॅम, आणि सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम. सगळं कोरडं, शिजवण्याआधी तोललेलं. साधारण ८८-९० ग्रॅम प्रथिनं होतात, आणि त्यातली २६ एकट्या सोयावड्यांची आहेत. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यानं सोयाबीन पिकवायचं, पुण्याच्या आघारकर संस्थेनं त्याचे वाण काढायचे, आणि आपण त्याचं तेल काढून पेंड कोंबड्यांना घालायची, हा व्यवहार मला अजून समजलेला नाही. वड्या नको असतील तर टोफू घ्या, सोयादूध घ्या. बदामाचं दूध म्हणून जे विकतात त्यात बदाम चवीपुरते असतात. ते चहात घालायला ठीक.

जेवणानंतर पपनसाच्या चार फोडी खा. देवनहळ्ळीच्या चक्कोत्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि नव्या इमारतींच्या रेट्यात त्याच्या बागा किती उरल्यात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्यातलं क जीवनसत्त्व डाळी-पाल्यातलं लोह शोषायला मदत करतं. कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूट काही औषधांचा रक्तातला अंमल वाढवतं आणि पपनस त्याचं भाऊबंद आहे.

इथे एक हरकत नेहमी येते. शेतमजूर भाकरी-चटणी खाऊन दिवसभर राबतात, त्यांना कुठे ग्रॅम मोजायला लागतात? त्यांना मोजायला लागले नाहीत, पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी मोजले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. गर्भारपणाआधी त्यांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडात साउदॅम्प्टनला ३.५ किलोंची. आणि ही हडकुळी बाळं मोजली तर कमी होते ते स्नायू. चरबी बरीचशी शाबूत. मोठेपणी हाच सापळा मधुमेहाकडे जातो. याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. त्या मातांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं, आणि त्यातली एकही कुठल्या तत्त्वासाठी व्हीगन झालेली नव्हती. याच अभ्यासात ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं भरलेली निघाली. व्हीगन मित्रांनो, यातलं ‘दूध’ गाळून पुढे सांगू नका. तिथे दुधातून जे मिळत होतं ते तुम्हाला दुसरीकडून आणून द्यायचं आहे.

आता वजनांकडे येते. प्रथिनं खाऊन स्नायू होत नाहीत. स्नायूवर भार पडला तरच ती तिथे लागतात, नाही तर नुसती जळतात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडोच्या, म्हणजे वजनांच्या, पद्धतीनं व्यायाम करत, मग सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्यांनी सूर्यनमस्कार देशभर नेला. बंगळुरात के. व्ही. अय्यर, तुमच्या शेजारच्या कोलारचे, यांनी हर्क्युलिस जिम्नॅशियम चालवलं, १९३० मध्ये ‘मसल कल्ट’ लिहिलं, १९३७ मध्ये सूर्यनमस्कारावरही पुस्तक काढलं. पण त्यांनी वजनं सोडली नाहीत. मला अय्यरांचं धोरण अधिक शहाणपणाचं वाटतं. सूर्यनमस्कारानं दम वाढतो, अंग मोकळं राहतं, तरी भार तुमच्याच वजनाचा असतो आणि शरीर त्याला लवकर सरावतं. बैठका झाल्या की खांद्यावर काहीतरी यायला हवं, आणि ते हळूहळू वाढायला हवं.

वनस्पतीच्या प्रथिनांवर ही वाढ होते का, याची नीट चाचणी साओ पाउलोत झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ व्हीगन आणि १९ मांसाहारी तरुण, १२ आठवडे पायांचा व्यायाम, दोघांनाही किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं. कमी पडली तर एकांना सोया पावडर, दुसऱ्यांना व्हे. स्नायू आणि ताकद, दोन्हींत फरक आढळला नाही. माणसं थोडी, काळ थोडा, सगळे तरुण पुरुष, हे खरं. तरीही पॅट्रिक बाबूमियनच्या चित्रफितींपेक्षा मी या ३८ जणांवर जास्त भरवसा ठेवते. त्या जर्मन व्हीगनानं २०१३ मध्ये टोरंटोत ५५० किलोंचं जू खांद्यावर घेऊन १० मीटर चालून दाखवलं, कौतुकच आहे. पण दूध-अंडी त्यानं सोडली २०११ मध्ये, शरीर बरंचसं उभं राहिल्यावर.

समोर बसलेल्या पांढऱ्या केसांना वाटेल, हे सगळं पोराटोरांचं. बोस्टनमध्ये १९९० साली वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन ढकलायला लावलं होतं. त्यांचं सरासरी वय ९० होतं. ताकद १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, आणि तो सगळ्या प्रौढांना सांगते. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं हा पहिला व्यायाम समजा; ते दहा वेळा जमलं की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या, मग दोन.

जाता जाता बी-१२. व्हीगन व्हायचं असेल तर गोळी घ्यावीच लागेल, त्यावर वाद घालू नका. ती जिवाणूंपासून बनते, कुठल्याही प्राण्याला त्रास होत नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात बी-१२ आहे असं सांगतात. ते बहुतांशी आपल्या शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असतं. आंबवलेल्या इडली-डोशावरही विसंबू नका. सुरू करण्याआधी रक्तात बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा. लहान मूल किंवा गर्भार बाई घरात असेल तर नुसत्या व्याख्यानावर ताट बदलू नका, माझ्याही नाही; डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांना विचारा. मघाशी सांगितलेलं कडधान्याचं प्रमाण पोटाला एकदम झेपत नाही, तेव्हा पहिले पंधरा दिवस अर्ध्यावरच थांबा, रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि हिंग-आलं विसरू नका.

प्रश्नांसाठी अध्यक्षांनी अर्धा तास ठेवला आहे. जिममध्ये जाणाऱ्यांनी आधी विचारावेत. त्यांना सकाळी उठायचं असतं.